फरशीत बसलेलं कमळ

कामगारांशी कसं बोलावं हे चष्मेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. निदान त्यांचा तसा समज होता.

"लोक काय करतात, फार बोलतात," गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता ते सांगत. "हे असं हवं, ते तसं नको. मग समोरचा गोंधळतो. आपण एकच वाक्य बोलायचं, पण असं की त्याचे दोन अर्थ होताच कामा नयेत."

फ्रेमच्या काड्या हातात धरलेल्या असल्यामुळे गिऱ्हाइकाला मान हलवता येत नसे. चष्मेवाले तो होकार धरून चालत.

त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण बाजारात सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. बायकोसुद्धा रागावली की "अहो चष्मेवाले" अशी हाक मारी. तेव्हा आपणही तेच म्हणू.

तर चष्मेवाल्यांनी बऱ्याच वर्षांच्या भाड्याच्या खोल्यांनंतर एकदाचा स्वतःचा फ्लॅट घेतला. तिसरा मजला. दारातून आत गेलं की हॉल, हॉलच्या पलीकडे स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. म्हणजे घरात कुठंही जायचं, तर हॉल ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. बिल्डरनं खाली साधा कोबा करून दिला होता आणि फरशी आपल्या आवडीची घाला म्हणून सांगितलं होतं. मिस्त्री ठरले, दगड येऊन पडला, आणि मग आत्या म्हणाली, "आधी जमिनीची पूजा."

आत्यानं चष्मेवाल्यांना लहानाचं मोठं केलेलं. तिचा शब्द घरात शेवटचा. पूजेची मांडणी काढावी तर तिनंच. हातात ना पट्टी ना कंपास, दोन बोटांच्या चिमटीतून रांगोळी अशी सुटायची की दोरी ताणल्यासारखी रेघ.

"एकदा फरशी बसली की खालची जमीन कायमची झाकली जाणार," आत्या म्हणाली. "तिला आधी सांगायला नको?"

"तिसऱ्या मजल्यावर जमीन कुठली, आत्या?" बायको म्हणाली. ती ड्रायव्हिंग शिकवायची, त्यामुळे चाकाखाली काय आहे याबद्दल तिला स्पष्टता लागे. "खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं छत आहे."

"मग छताची होईल. बिघडलं काय?"

सकाळभर आत्या हॉलच्या मधोमध बसून मांडणी काढत होती. बाहेर थेट भिंतींजवळ पोचणारा मोठा चौकोन, त्याला चारी बाजूंना दारासारख्या फटी. चौकोनात वर्तुळ. वर्तुळात आठ पाकळ्यांचं कमळ, कमळात एकमेकांत अडकवलेले दोन त्रिकोण, आणि सगळ्याच्या मध्यावर एक ठिपका. पाकळ्यांत हळद भरली, त्रिकोणांत कुंकू. चष्मेवाले उकिडवे बसून बघत राहिले. त्यांचा सगळा जन्म भिंगाचा मध्य शोधण्यात गेलेला. न राहवून त्यांनी खिशातली पट्टी काढून मोजलं. ठिपका बरोबर मध्यावर होता.

"हे तुला कसं जमतं?"

"मध्यापासूनच सुरुवात करते. मग तो चुकेल कसा?"

बायकोलाही आता राहवेना. "पण आत्या, पाकळ्या आठ आणि आत कोन सहा, असं का?"

"माझी आई असंच काढायची."

"पण का?"

"मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, तिची आई असंच काढायची."

एका पाकळीच्या वेळी आत्याला शिंक आली आणि रेघेला बारीकसं पोट सुटलं. तिनं ते पुसलं नाही. म्हणाली, काढलं ते काढलं. पूजा झाली. निघताना तिनं दोघांनाही बजावलं, "संध्याकाळी येऊन उठवते. तोवर कुणाचा पाय लागता कामा नये."

उठवायचं म्हणजे काय, तर अक्षता टाकायच्या, ज्यांना बोलावलं त्यांना आता या म्हणायचं, आणि हातानं सगळी मांडणी पुसून टाकायची. पुसली की बसलेलं उठलं. आत्याच्या लेखी हा व्यवहार चहाच्या कपबश्या उचलण्याइतका सरळ होता.

पण लिफ्ट अजून सुरू झालेली नव्हती, आणि जिना उतरताना आत्याचा गुडघा मुरगळला. संध्याकाळपर्यंत त्याचा नारळ झाला. डॉक्टरांनी जिना चढायचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. इकडे मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागणार होते.

"मिस्त्रींना सांग," आत्या कॉटवरून म्हणाली. "मांडणीला हात लावू नका म्हणावं."

चष्मेवाल्यांनी फोन उचलला, घसा साफ केला आणि आपलं एक वाक्य बोलले. "मिस्त्री, हॉलमध्ये मधोमध जे काढलंय ना, ते जसंच्या तसं राहिलं पाहिजे, एक रेघसुद्धा हलता कामा नये."

पलीकडून मिस्त्री म्हणाले, "जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

"वेळ लागेल, साहेब."

"लागू दे की."

मिस्त्री आधी खोल्या करतील आणि हॉल शेवटी घेतील, असं धरून चष्मेवाले दुकानात गेले. नेमक्या त्याच आठवड्यात शाळेच्या मुलांच्या डोळ्यांच्या तपासण्या निघाल्या आणि त्यांना मान वर करायला फुरसत उरली नाही. बायकोकडे नवी बॅच सुरू झाली होती, आणि तिच्यातली एक बाई अजून ब्रेकलाच क्लच समजत होती. एकदा मध्ये चष्मेवाल्यांनी फोन करून विचारलं, "काय मिस्त्री, कसं काय?"

"बसतंय, साहेब. हळूहळू बसतंय," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज जरा भरून आल्यासारखा वाटला. चष्मेवाल्यांना वाटलं, धुळीनं असेल.

गुडघ्याची सूज उतरल्यावर आत्या म्हणाली, चला, आधी ते उठवून येऊ. लिफ्टही सुरू झाली होती. तिघं वर गेले. मिस्त्री दारातच उभे होते, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. अशा अवतारात त्यांना कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं.

हॉलच्या मधोमध आत्याची मांडणी होती. दगडात. पांढऱ्या संगमरवराच्या रेघा, पिवळ्या दगडाच्या पाकळ्या, तांबड्या दगडाचे त्रिकोण, आणि मध्ये काळ्याभोर दगडाचा ठिपका. पॉलिश करून असा काही चकाकत होता की खिडकी त्यात उतरली होती.

तिघंही उंबऱ्याशीच थबकले.

"जसंच्या तसं," मिस्त्री हळूच म्हणाले. मग त्यांनी बोटानं एक पाकळी दाखवली. "इथं जरा पोट होतं रेघेला. तेही घेतलंय."

आत्याची शिंक दगडात कोरली गेली होती.

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो चष्मेवाले, फोनवर काय बोललात तुम्ही?"

"एकच वाक्य," चष्मेवाले म्हणाले.

मिस्त्रींचं म्हणणं अगदी साधं होतं. इतकी वर्षं ते चौकोनी फरशीला चौकोनी फरशी लावत आले होते. हॉल चौकोनी, खोल्या चौकोनी, संडास चौकोनी. कुणी कधी वेगळं मागितलं नाही. आणि अचानक एक साहेब फोन करतात की मधोमध काढलंय ते जसंच्या तसं पाहिजे. मिस्त्रींनी मागच्या कामांतून उरलेले रंगीत दगड गोळा केले होते आणि एकेक तुकडा कापून, घासून बसवला होता.

"फार सुंदर झालंय, मिस्त्री," बायको म्हणाली, कारण ते खोटं नव्हतं. आणि तिनं आत जायला पाय उचलला. आत्यानं तिचा दंड धरला.

"पाय नको."

"आत्या, फरशी आहे ती."

"फरशी आहे हे दिसतंय मला. पण मी उठवलं होतं का?"

मिस्त्रींना वाटलं, आजींना खालच्या रांगोळीची काळजी आहे. ते धीर द्यायला पुढं झाले. "आजी, तुम्ही निश्चिंत राहा. खालची रेघ मी हलवली नाही. रेघेवरच दगड ठेवलाय. सगळं आहे तसं खाली आहे."

"ऐकलंस?" आत्या म्हणाली.

आत्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. कडेला बसून तिनं अक्षता टाकल्या, हात जोडले, या म्हणाली, आणि हातानं पुसायला गेली. हात घसरला. पाकळी होती तिथंच होती, उलट जरा जास्त चमकू लागली.

"उठले असतील," चष्मेवाले म्हणाले.

"मग हे पुसलं का जात नाही?"

चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा तेवढा पुसून घेतला.

इकडे भाड्याची जागा महिनाअखेर सोडायची होती. नव्या भाडेकरूंच्या कुंड्यासुद्धा येऊन पडल्या होत्या. तेव्हा राहायला येणं भागच होतं. मांडणी आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा जाईल इतकी पट्टी उरली होती. हमालांनी कपाट तिथून नेलं, पण भिंतीचा रंग बरोबर घेऊन गेलं. फ्रिज त्या पट्टीत मावला नाही, म्हणून तो दाराशीच राहिला. दूध काढायला स्वयंपाकघरातून निघून भिंतीला पाठ लावत दारापर्यंत यायचं आणि तसंच परत जायचं. सोफ्याला जागाच नव्हती. तो आतल्या खोलीत पलंगाच्या शेजारी बसला, त्यामुळे पाहुणे आले की थेट झोपायच्या खोलीत.

"दिवसभर लोकांना सरळ गाडी चालवायला शिकवते," बायको म्हणाली, "आणि घरी येऊन खेकड्यासारखी चालते."

खालच्या काकू वर आल्या. बातमी जिन्यानं खाली गेली होतीच. त्यांना वेगळीच शंका होती. "तुमचा तो ठिपका आमच्या पंख्याच्या बरोबर वर येतो. पंखा लावला तर चालेल ना?"

"किती नंबरवर लावता?" चष्मेवाल्यांनी विचारलं, आणि आपण हे का विचारलं ते त्यांना कळलं नाही.

काकू दोन दिवसांनी पुन्हा आल्या आणि म्हणाल्या की त्यांना झोप फार छान लागते आहे, तेव्हा काही बदलू नका.

मिस्त्री तर रोजच येऊ लागले. कुणाकुणाला घेऊन यायचे. ती माणसं दाराबाहेर चपला काढत, पट्टीवर ओळीनं उभी राहत आणि माना वाकवून बघत. मिस्त्री समजावून सांगत. "हा त्रिकोण वर जाणारा. हा खाली येणारा."

"आणि मधला ठिपका?" एकानं विचारलं.

मिस्त्री अडले. "मधला ठिपका म्हणजे... दोघांची गाठ पडते ती जागा."

चष्मेवाले भिंतीला चिकटून चहा पीत होते. मिस्त्रींना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण चष्मेवाल्यांना ते पटलं. खरं म्हणजे त्यांना आता त्या मांडणीचा नादच लागला होता. सकाळी कप घेऊन ते पट्टीवर उभे राहत. ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की थोड्या वेळानं पाकळ्या हळूहळू फिरू लागत. डोळा थकला की असं होतं, हे ते गिऱ्हाइकांना कितीदा सांगत आले होते. इथं मात्र ते खाली बसून बघत, डोकं तिरकं करून बघत, आणि नक्की कोणती पाकळी आधी हलते ते शोधत राहत. दुकानाला उशीर व्हायचा.

"तुम्ही पण बसा त्यात," बायको म्हणाली. "म्हणजे तुम्हालाही कुणी उठवणार नाही."

शेवटी तिनंच गुरुजींना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, म्हणजे नंतर कुणी मी असं ऐकलंच नाही म्हणायला नको. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दोनदा "दगडात?" असं विचारलं. मग म्हणाले, "पुसता येत नसेल तर मोडा. पूर्ण नको. एक रेघ खंडित केली की मांडणी ही मांडणी राहत नाही. मग खुशाल वावरा."

बायकोचा चेहरा उजळला. आत्यानं एकेक पाकळी नजरेनं मोजली. मग म्हणाली, "एकच पाकळी. तीही टोकापुरती."

मिस्त्रींना बोलावणं गेलं. छिन्नी-हातोडी घेऊन या, एवढंच सांगितलं. आल्यावर त्यांना कारण कळलं आणि ते पट्टीवर मटकन बसले.

"साहेब, काही चुकलं का माझं?"

"तुमचं नाही हो. माझं वाक्य चुकलं."

मिस्त्रींनी छिन्नी हातात घेतली. फिरवून पाहिली. "कोणती?"

आता हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

"ती दाराकडची," बायको म्हणाली.

"आल्याआल्या पहिली तीच दिसणार," चष्मेवाले म्हणाले. "तुटकी पाकळी दाखवायची का लोकांना?"

"मग खिडकीकडची."

"तिच्यावर सकाळी ऊन येतं," आत्या म्हणाली. ती पलीकडे, स्वयंपाकघराच्या दारात, गुडघा धरून उभी होती.

"दक्षिणेची?"

"ती तर नकोच."

"ही, पोट सुटलेली," चष्मेवाले म्हणाले. "नाहीतरी ती जरा वाकडीच आहे."

"ती नको, साहेब," मिस्त्री म्हणाले. "तिनंच मला सगळ्यात जास्त रडवलंय."

"मग तिच्या शेजारची."

"ती नको," असं कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. बायको होती. ती जरा ओशाळली. "दगड छान आहे तिचा. आत नागमोडी रेघ आहे बघा, नदीसारखी."

असं करत आठही पाकळ्यांची वकिली झाली. प्रत्येकीला कोणी ना कोणी वाली निघाला. मिस्त्रींच्या हातातली छिन्नी एव्हाना खिशात गेली होती. तेव्हा चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं की घरात कर्ता पुरुष म्हणून कोणीतरी असावं लागतं आणि सध्या ती जागा रिकामी आहे.

"द्या ती इकडे," ते म्हणाले.

त्यांनी डोळ्यांसमोर आलेली पाकळी धरली, पण ती काही कडेला नव्हती. पाय न लावता तिथं पोचायचं तर एकच मार्ग होता. चष्मेवाले पट्टीवर पालथे झोपले, बायकोनं त्यांचे पाय धरले, आणि ते पोटानं चौकोनाच्या वरून पुढं सरकले. पोट टेकू नये म्हणून त्यांनी श्वास आत ओढून धरला होता. एका हातात छिन्नी, एका हातात हातोडी, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नाक पाकळीपासून वीतभर. इतक्या जवळून त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. दगडांच्या सांध्यात केससुद्धा गेला नसता. त्यांनी छिन्नी टोकावर टेकवली. हातोडी वर नेली.

"थांब."

एवढंच ऐकू आलं, आणि मग पावलं. आत्या निघाली होती ती सरळ निघाली. भिंतीची पट्टी नाही, कड नाही, काही नाही. चौकोन, वर्तुळ, पाकळी, त्रिकोण, सगळं तुडवत, मुरगळलेल्या गुडघ्यासकट ती धावत आली आणि तिनं पुतण्याचं मनगट धरलं.

"नको. राहू दे. मी जन्मभर आडवी चालेन, पण हे मोडू नको."

चष्मेवाले पालथे पडल्या पडल्या समोर बघत होते, आणि समोर, काळ्याभोर ठिपक्यावर, आत्याची दोन पावलं होती.

"आत्या," बायको अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही कुठं उभ्या आहात?"

आत्यानं खाली पाहिलं. कान लाल झाले. मिस्त्रींनी नजर छताकडे वळवली. मग आत्यानं पदर सावरला.

"कुठं म्हणजे? घरात."

"पण मांडणीवर..."

"मी विचारून आले."

"कधी विचारलंत?"

"येता येता."

"आणि काय उत्तर आलं?"

"या गुडघ्यानं मी एवढी धावले," आत्या म्हणाली, "आणि मला पडू दिलं नाही. आणखी काय उत्तर पाहिजे तुला?"

बायकोनं नवऱ्याचे पाय सोडले, चष्मेवाले धप्पकन पाकळीवर टेकले, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ती कडेला येऊन उभी राहिली. इकडं तिकडं पाहिलं. जरा लाजल्यासारखी झाली.

"येऊ का?" ती म्हणाली.

थोडी थांबली. आणि सरळ, नाकासमोर, हॉल ओलांडून स्वयंपाकघरात गेली. तिथून तिनं हाक मारली, "मिस्त्री, आलाच आहात तर तो फ्रिज तेवढा आत घ्यायला हात लावा. विचारून या मात्र."

मिस्त्रींनी विचारलं. फ्रिजच्या वतीनंही विचारलं.

तेव्हापासून त्या घरात तसाच रिवाज पडला. हॉलच्या कडेला क्षणभर थांबायचं, येऊ का म्हणायचं आणि जायचं. पाहुण्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही, ते दारात आले की आपसूकच येऊ का म्हणतात. गुरुजींना हे कळवलं तेव्हा ते म्हणाले की असं कुठं लिहिलेलं नाही, पण नको असंही कुठं लिहिलेलं नाही, आणि त्यांनाही एकदा येऊन बघायचं आहे. सोफा मात्र आतच राहिला. माणूस विचारून जातो आणि लगेच निघतो, सोफ्याचं तसं नसतं, असं आत्याचं मत पडलं.

चष्मेवाल्यांना याची इतकी सवय झाली की एके सकाळी दुकान उघडून, आतल्या गुळगुळीत जुन्या फरशीसमोर ते थबकले. मागोमाग आलेलं एक गिऱ्हाईक त्यांना ओलांडून केव्हाच आत जाऊन स्टुलावर बसलं होतं.

"येऊ का?" चष्मेवाले म्हणाले.

गिऱ्हाइकानं वर पाहिलं. "या ना," ते म्हणालं. "दुकान तुमचंच आहे."